मॉर्गेज घेऊन इंग्लंडमध्ये घर घेताना सॉलिसिटर कसा निवडावा

इंग्लंडमध्ये एखादे घर पसंत पडून विकणाऱ्याने तुमचा भाव मान्य केला, की इस्टेट एजंटचा फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, ‘‘तुमचे सॉलिसिटर कोण?’’ सॉलिसिटर म्हणजे खरेदीचे कायदेशीर काम पाहणारा वकील. नाव तयार नसेल तर एजंट स्वतःच एक नाव सुचवतो आणि घर हातचे जाईल या धास्तीने अनेक जण ते स्वीकारून मोकळे होतात. जे थोडे चिकित्सक असतात ते चार ठिकाणचे कोट, म्हणजे शुल्काचे अंदाज, मागवतात आणि त्यांतला सर्वांत स्वस्त निवडतात. मॉर्गेजच्या, म्हणजे गृहकर्जाच्या, व्याजात पाव टक्का वाचावा म्हणून आठवडाभर आकडेमोड करणारी माणसेही हा निर्णय अर्ध्या तासात उरकतात. वास्तविक पुढचे तीन-चार महिने व्यवहाराची सूत्रे ज्याच्या हाती असतात आणि बँकेचे कर्ज ज्याच्या खात्यातून विकणाऱ्याकडे जाते, तो हाच माणूस. त्यातून ज्यांची एखादी मालमत्ता महाराष्ट्रात आहे, किंवा ज्यांच्या डिपॉझिटचा, म्हणजे कर्जाव्यतिरिक्त स्वतः भरायच्या रकमेचा, काही भाग भारतातून येणार आहे, अशा मराठी कुटुंबांच्या व्यवहारात दोन-तीन गुंते हमखास निघतात, आणि ते पहिल्याच आठवड्यात ओळखणारा सॉलिसिटर मिळणे हे दोनशे पौंड वाचवण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे असते. पुढचे विवेचन इंग्लंड आणि वेल्सपुरते आहे; स्कॉटलंडचा कायदा आणि घरखरेदीची रीत दोन्ही वेगळी असून तिथल्या घरासाठी तिथलाच सॉलिसिटर लागतो.

सॉलिसिटर नेमके काय करतो

महाराष्ट्रात फ्लॅट घेताना करारनामा होतो, मुद्रांक शुल्क भरले जाते, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात फोटो आणि अंगठे होतात आणि नोंदलेला दस्त व इंडेक्स-२ हाती येतो. गृहकर्ज असेल तर बँकेच्या पॅनेलवरचा वकील टायटल, म्हणजे मालकीहक्क, तपासून अहवाल देतो, पण तो बँकेला. खरेदीदाराने स्वतःचा वकील नेमलेलाच नाही, असे कितीतरी व्यवहार तिकडे सुखरूप पार पडतात. इंग्लंडमध्ये स्वतःच्या घराचे कागद स्वतः करण्यास कायद्याची आडकाठी नाही. परंतु मॉर्गेज असेल तर तो मार्ग जवळजवळ बंद होतो, कारण बँक कर्जाची रक्कम तुमच्या हातात देत नाही, ती आपल्या मान्यतेच्या वकिली फर्मच्या क्लायंट अकाउंटमध्येच, म्हणजे अशिलांचे पैसे ठेवण्याच्या खात्यातच, पाठवते.

विकणाऱ्याच्या सॉलिसिटरकडून कराराचा मसुदा, लँड रजिस्ट्री या सरकारी मालकी-नोंदणी कार्यालयातील मालकीचा उतारा आणि नकाशा, तसेच विकणाऱ्याने भरलेले माहितीचे छापील फॉर्म येतात. तुमचा सॉलिसिटर ते वाचतो, कौन्सिलकडून (म्हणजे स्थानिक पालिकेकडून), पाणी आणि सांडपाणी कंपनीकडून व पर्यावरणविषयक नोंदींतून शोध घेतो, ज्यांना इथे ‘सर्च’ म्हणतात, आणि जिथे शंका येते तिथे लेखी प्रश्न विचारतो. सगळे समाधानकारक असेल तर तुम्हाला अहवाल देतो, बँकेला टायटल निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र देतो आणि मग करारांची अदलाबदल, म्हणजे ‘एक्स्चेंज’, होते. तोपर्यंत दोन्हीपैकी कोणीही बांधील नसतो. विकणारा दुसऱ्या खरेदीदाराचा चढा भाव घेऊन तुम्हाला वाऱ्यावर सोडू शकतो आणि तुम्हीही माघार घेऊ शकता. एक्स्चेंजच्या वेळी बहुधा १० टक्के डिपॉझिट दिले जाते आणि त्यानंतर तुम्ही मागे फिरलात तर ते गमवावे लागते. घराचा विमाही साधारणपणे त्याच दिवसापासून तुमच्या नावे सुरू करावा लागतो. शेवटी ‘कंप्लीशन’च्या दिवशी पैसे जातात आणि किल्ल्या मिळतात, स्टॅम्प ड्युटीचे विवरणपत्र आणि लँड रजिस्ट्रीतील नोंद ही कामे त्यानंतरची.

या सगळ्यात सॉलिसिटर घर पाहायला कधीच जात नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्याच्यासमोर असतात फक्त कागद. घराच्या बाजूच्या बोळातून शेजारी आपले कचऱ्याचे डबे नेतो, किंवा नकाशात नसलेले मागचे स्वयंपाकघर प्रत्यक्षात उभे आहे, हे तुम्ही सांगितले नाही तर त्याला कळण्याचा मार्ग नाही. त्या वाढीव स्वयंपाकघराचेच उदाहरण घेऊ. चांगला सॉलिसिटर विचारील, की त्याला नियोजनाची परवानगी लागत होती का, बांधकाम-नियमांनुसार काम पूर्ण झाल्याचा दाखला आहे का, आणि खालून सार्वजनिक सांडपाण्याची वाहिनी जात असल्यास पाणी कंपनीची संमती घेतली होती का. दाखला सापडला नाही तर बऱ्याचदा विकणाऱ्याच्या खर्चाने एक विमा घेतला जातो, जो पुढे कौन्सिलने कारवाई केल्यास नुकसान भरून देतो. गंमत अशी, की अशा वेळी एखादा दक्ष खरेदीदार स्वतःच कौन्सिलला फोन करून चौकशी करतो आणि कौन्सिलचे लक्ष वेधले गेल्यामुळे तो विमा मिळेनासा होतो. ‘मला विचारल्याशिवाय कौन्सिलशी बोलू नका’ असे जो पहिल्याच पत्रात बजावतो, त्याला हे काम माहीत आहे असे समजायला हरकत नाही. उलट सगळ्या अडचणींवर ‘विमा घेऊन टाकू’ हे एकच उत्तर देणाऱ्यापासून सावध राहावे, कारण विमा भिंत पक्की करीत नाही.

दोन अशील, एक वकील

हे काम दोन प्रकारचे व्यावसायिक करतात. सॉलिसिटरवर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीचे नियंत्रण असते. लायसन्स्ड कन्व्हेयन्सर हा दुसरा वर्ग मुख्यतः मालमत्तेच्या हस्तांतराचे काम करतो आणि त्याचे नियमन कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्स ही वेगळी संस्था करते. सरळ व्यवहाराला दोन्ही सारखेच चालतात. घटस्फोट, वारसाहक्क किंवा हद्दीचा वाद गुंतलेला असेल तर मात्र सॉलिसिटरांची फर्म बरी, कारण त्या विषयांचा जाणकार त्याच छताखाली असतो. नाव नोंदणीकृत आहे की नाही हे दोन्ही नियामकांच्या संकेतस्थळांवर दोन मिनिटांत तपासता येते आणि ते तपासावेच. लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संघटनेने २०११ मध्ये सुरू केलेली कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीम, म्हणजे हस्तांतराच्या कामाच्या दर्जाची मान्यता, ही सॉलिसिटर फर्मसाठीची आणखी एक खूण आहे. पुष्कळ बँका ती असल्याशिवाय फर्मला पॅनेलवर घेत नाहीत.

पॅनेल हा या निवडीतला सर्वांत आधीचा आणि अगदी व्यावहारिक प्रश्न आहे. प्रत्येक बँकेची मान्यताप्राप्त फर्मची यादी असते. तुमची फर्म तीवर असेल तर ती एकाच वेळी तुमच्या आणि बँकेच्या वतीने काम करते. नसेल तर बँक आपला स्वतंत्र सॉलिसिटर नेमते, त्याचे शुल्क बहुधा तुमच्याच माथी येते आणि प्रत्येक कागद दोन टेबलांवरून फिरत राहतो. एकट्याने फर्म चालवणाऱ्या अनुभवी सॉलिसिटरांना काही बँका पॅनेलवर घेत नाहीत, त्यामुळे माणूस कितीही चांगला असला तरी हा प्रश्न सुटत नाही. म्हणून ‘तुम्ही अमुक बँकेच्या पॅनेलवर आहात का?’ हे बँकेचे नेमके नाव घेऊन विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. मॉर्गेज ब्रोकरने मध्येच बँक बदलली तर हाच प्रश्न पुन्हा विचारावा. गडबड नेमकी इथेच होते.

एकच वकील दोघांसाठी काम करतो याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण आपल्याकडच्या मनात ‘माझा वकील म्हणजे माझा माणूस’ हे पक्के बसलेले असते. बँकांनी आपल्या वकिलांसाठी यूके फायनान्स या संघटनेमार्फत एक नियमपुस्तिका ठरवून दिली आहे आणि तिच्यानुसार कर्जाच्या निर्णयावर परिणाम करील अशी बाब सॉलिसिटरने बँकेला कळवायची असते. सर्व्हेत ओल निघाली म्हणून किंमत १०,००० पौंडांनी कमी करून घेतली, डिपॉझिटचा काही भाग वडिलांनी दिला, विकणाऱ्याने ते घर सहा महिन्यांच्या आतच विकत घेतलेले आहे, या सगळ्या गोष्टी तो बँकेला सांगणार. मात्र तुमच्याविषयीची गोपनीय माहिती तुमच्या संमतीशिवाय तो देऊ शकत नाही. तुम्ही नकार दिलात तर त्याला बँकेचे काम सोडावे लागते, आणि मग तुमचा व्यवहार जिथल्या तिथे थांबतो. तेव्हा ‘हे बँकेला सांगू नका’ या वाक्याने काहीही साधत नाही. ज्या गोष्टी सांगाव्या लागणारच आहेत त्या मॉर्गेजच्या अर्जातच लिहिलेल्या बऱ्या.

याच संदर्भात एक लहानसा मुद्दा आहे, जो मराठी घरांत वारंवार येतो. कर्जदारांशिवाय १७ किंवा अधिक वर्षांचे कोणी त्या घरात राहणार असेल, तर बँक त्या व्यक्तीकडून घरावरचा आपला हक्क बँकेच्या हक्कानंतरचा असल्याची संमती लिहून घेते. आई किंवा सासूबाई कायमच्या राहायला येणार असतील तर त्यांनाही ही सही करावी लागते, आणि तीही स्वतंत्र कायदेशीर सल्ला घेऊन करा असे सुचवले जाते. हे अविश्वासाचे लक्षण नाही. उद्या कर्ज थकले आणि बँकेने घर ताब्यात घ्यायचे ठरवले तर कोणीतरी ‘माझाही यात वाटा आहे’ म्हणून उभे राहू नये, एवढाच त्याचा हेतू असतो.

भारतातून येणारे पैसे

काळा पैसा रोखण्याच्या २०१७ च्या नियमांमुळे डिपॉझिट कुठून आले हे सॉलिसिटरला तपासावेच लागते. पगारातून साठवलेली रक्कम असेल तर साधारण सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट पुरतात. भारतातून आलेल्या रकमेची कथा मात्र मागे मागे जाते: पैसे बँकेत होते हे ठीक, पण बँकेत कुठून आले? मुदतठेव मोडली असेल तर तिची पावती आणि रक्कम जमा झालेल्या खात्याचा उतारा. वडिलांनी पुण्यातला फ्लॅट विकला असेल तर विक्रीचा दस्त, इंडेक्स-२ आणि पैसे जमा झाल्याची नोंद. इंडेक्स-२ मराठीत असतो आणि सातबाराही. इंग्रज सॉलिसिटरच्या दृष्टीने तो न वाचता येणारा कागद, म्हणून त्याचे प्रमाणित भाषांतर मागितले जाते आणि त्यात आठवडा-दोन आठवडे सहज जातात. ही गोष्ट एक्स्चेंजच्या तोंडावर कळण्याऐवजी आधीच ठाऊक असेल तर भाषांतर पुण्यातच करून घेता येते.

आई-वडील पैसे देणार असतील तर ती रक्कम भेट आहे, परत करायची नाही आणि तिच्या बदल्यात घरावर कोणताही हक्क नाही, असे पत्र त्यांना द्यावे लागते. शिवाय त्यांची ओळखपत्रे आणि खात्याचे उतारेही. म्हणजे देणारे जितके जास्त, तितके कागद जास्त. आपल्याकडे काका दोन लाख देतात, मामा तीन लाख देतात, मोठी बहीण काही देते आणि सगळे मिळून घर उभे राहते. ही रीत माणुसकीची असली तरी इथल्या नियमांत प्रत्येक देणारा म्हणजे एक स्वतंत्र तपासणी होते. शक्यतो एकाच दात्याकडून एकरकमी पैसे आलेले बरे. आणि ते पैसे खरोखर उसने असतील तर त्यांना भेट म्हणणे ही बँकेची दिशाभूल ठरते, तो मोह टाळावा. दागिने मोडून रोख आलेली किंवा रोखीने खात्यात भरलेली रक्कम असेल, तर तिचा उगम सिद्ध करणे फार कठीण जाते.

भारताच्या बाजूनेही वेळ लागतो. निवासी भारतीयाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात आणि १० लाख रुपयांपुढील भेटीच्या रकमेवर बँक टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) वसूल करते, जो पुढे प्राप्तिकराच्या विवरणपत्रात जमा धरला जातो. तुमच्याच एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयाच्या भारतातील उत्पन्नाच्या खात्यातून) पैसे आणायचे असतील तर मर्यादा वर्षाला १० लाख डॉलरची आहे, पण सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्राची पायरी मध्ये येते. एनआरई खात्यातील (परदेशात मिळवून भारतात ठेवलेले) पैसे त्यामानाने विनासायास येतात.

सॉलिसिटर निवडताना म्हणून सरळ विचारावे: भारतातून आलेले डिपॉझिट तुम्ही हाताळता का, त्यासाठी कोणते कागद लागतात आणि जादा शुल्क किती? काही फर्म परदेशातून आलेला पैसा घेतच नाहीत, आणि काही बँकाही परदेशी राहणाऱ्या दात्याच्या भेटीवर अटी घालतात. पैसे भरून, शोध मागवून झाल्यावर हे कळले तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी ‘आपला माणूस’ म्हणून सॉलिसिटर सुचवतो तेव्हा त्या शिफारशीचे मोल नेमके या बाबतीत असते. त्याला मराठी किंवा गुजराती येते म्हणून तो टायटल चांगले तपासील असे नाही. पण त्याने इंडेक्स-२ आणि मुदतठेवीची पावती पूर्वी पाहिलेली असते. पॅनेल, नोंदणी आणि शुल्क हे प्रश्न त्यालाही तेवढ्याच काटेकोरपणे विचारले पाहिजेत.

स्टॅम्प ड्युटी आणि पुण्यातला फ्लॅट

आता ज्या मुद्द्यावर सर्वांत मोठी रक्कम पणाला लागते त्याकडे येऊ. इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०२५ पासून राहत्या घरावर पहिल्या १,२५,००० पौंडांपर्यंत स्टॅम्प ड्युटी नाही, त्यापुढे २,५०,००० पर्यंत २ टक्के आणि त्यापुढे ९,२५,००० पर्यंत ५ टक्के आहे. आयुष्यात पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला, किंमत ५,००,००० च्या आत असेल तर, ३,००,००० पर्यंत शून्य आणि वरच्या रकमेवर ५ टक्के अशी सवलत आहे. याउलट ज्याच्याकडे आधीच दुसरे घर आहे त्याला संपूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के भरावे लागतात.

घराची किंमत ४,००,००० पौंड धरू. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ५,००० पौंड पडतात. पूर्वी घर होते, आता नाही, अशा खरेदीदाराला १०,०००. आणि आधीचे घर हातात ठेवून दुसरे घेणाऱ्याला ३०,०००. एकाच घरावर एवढा फरक, आणि तो फरक ठरवताना कायदा जगातील कुठलेही घर मोजतो. वाकडमध्ये भाड्याने दिलेला फ्लॅट, त्यातील तुमच्या वाट्याची किंमत ४०,००० पौंड किंवा अधिक असेल तर, दुसरे घर म्हणून धरला जातो. तो पत्नीच्या एकटीच्या नावे असला आणि इथले घर पतीच्या एकट्याच्या नावे घेतले तरीही, कारण एकत्र राहणारे पतिपत्नी या हिशेबात एकच समजले जातात. पहिल्या घराच्या सवलतीचा नियम तर याहून कडक आहे. तिथे ४०,००० ची मर्यादा नाही आणि वारशाने आलेला हिस्साही धरला जातो, त्यामुळे वडिलांच्या पश्चात वाईच्या घरावर तीन भावंडांची नावे लागली असतील तर ती सवलत गेली असे समजून चालावे. दोघे मिळून घर घेत असतील तर दोघेही पहिल्यांदाच घेणारे असावे लागतात.

आणखी एक परिस्थिती भावनेतून उद्भवते. आई-वडिलांनी पैसे दिले म्हणून त्यांचेही नाव घरावर लावावे असे मुलाला वाटते. ते भारतात राहतात आणि तिथे त्यांचे स्वतःचे घर आहे. तेव्हा जादा घराचे ५ टक्के लागतातच, शिवाय १ एप्रिल २०२१ पासून अनिवासी खरेदीदारासाठी असलेले २ टक्केही लागतात. वरच्या उदाहरणात ५,००० च्या जागी ३८,००० पौंड भरावे लागतील. आणि ‘आता भरू, मग वाकडचा फ्लॅट विकून परत मिळवू’ हा बेतही बहुधा फसतो, कारण परताव्यासाठी तो विकलेला फ्लॅट नव्या खरेदीआधीच्या तीन वर्षांत तुमचे मुख्य राहते घर असायला हवा. वेल्समध्ये कर वेगळा आहे, त्याचे दरही वेगळे, आणि पहिल्या घराची सवलत तिथे नाही.

हे विवरणपत्र कंप्लीशननंतर १४ दिवसांत भरायचे असते. ते बहुधा सॉलिसिटर भरतो, पण त्यातील माहितीची जबाबदारी तुमची असते. ‘तुमच्या मालकीचे दुसरे घर आहे का?’ या प्रश्नाला इथल्यापुरते समजून ‘नाही’ लिहिणारे थोडे नाहीत. चांगला सॉलिसिटर जगात कुठेही, वारशाने किंवा सामाईक, असे शब्द घालूनच विचारतो. बऱ्याच फर्म आपल्या पत्रात गुंतागुंतीचा करसल्ला आम्ही देत नाही असेही लिहितात. एकत्र कुटुंबाची मालमत्ता, वाटणी न झालेला वाडा अशी स्थिती असेल तर अशा वेळी वेगळ्या करसल्लागाराची फी देणे शहाणपणाचे, कारण इथे चूक वीस-पंचवीस हजारांची होते.

फ्लॅट आणि लीजहोल्ड

इंग्लंडमधले फ्लॅट प्रायः लीजहोल्ड असतात, म्हणजे ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा. लीजची किती वर्षे उरली, सर्व्हिस चार्ज किती आणि येत्या काळात मोठी दुरुस्ती निघणार का, हे पाहण्याचे कामच वेगळे आहे आणि त्याला जादा शुल्क पडते. ३० जून २०२२ पासून नव्या लीजवर ग्राउंड रेंट, म्हणजे जमीनमालकाला द्यायचा आकार, साधारणतः नाममात्रच असतो, जुन्या लीजवर मात्र तो वाढत जाणारा असू शकतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीच्या १४ जून २०१७ च्या आगीनंतर आलेल्या बिल्डिंग सेफ्टी अ‍ॅक्ट २०२२ मुळे किमान ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजली इमारतींसाठी जादा प्रमाणपत्रे लागतात, आणि ती जोखीम नको म्हणून काही फर्म असे फ्लॅट घेतच नाहीत. इमारतीची उंची सांगून आधी विचारणे सोपे. नव्या बांधकामात बिल्डर स्वतःचा सॉलिसिटर सुचवतो आणि २८ दिवसांत एक्स्चेंजचा आग्रह धरतो. वेगवान फर्म हवी हे खरे, पण ती बिल्डरकडून वर्षभर काम मिळवणारी असू नये असे माझे मत आहे.

कोट कसा वाचावा

सॉलिसिटर फर्मना घरखरेदीच्या शुल्काची माहिती प्रसिद्ध करणे डिसेंबर २०१८ पासून बंधनकारक आहे, तरीही दोन कोटांची तुलना वाटते तितकी सरळ नसते. ठळक अक्षरांतला आकडा हा फक्त मूळ शुल्काचा असतो. त्यावर २० टक्के व्हॅट येतो आणि खाली बारीक अक्षरांत बँकेच्या वतीने काम करण्याचे शुल्क, लीजहोल्डचे शुल्क, भेट मिळालेल्या डिपॉझिटचे प्रत्येक दात्यामागे शुल्क, ओळख पडताळणी, बँक ट्रान्सफर आणि स्टॅम्प ड्युटीचा फॉर्म भरण्याचेही शुल्क असते. सर्च आणि लँड रजिस्ट्रीची फी हे बाहेर द्यावे लागणारे खर्च सर्वांना जवळजवळ सारखेच पडतात. म्हणून आपली सगळी हकीकत सांगून, म्हणजे लीजहोल्ड आहे, दोन दाते भारतात आहेत, बँक अमुक आहे, असे सांगून एकूण आकडा लेखी मागावा. स्वस्त वाटलेली फर्म मग पुष्कळदा स्वस्त राहत नाही. ‘व्यवहार फिसकटला तर शुल्क नाही’ या आश्वासनात सर्चचे पैसे सहसा धरलेले नसतात.

इस्टेट एजंटने नाव सुचवले तर त्याला त्याबद्दल फर्मकडून पैसे मिळतात का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि ती रक्कम सॉलिसिटरने तुम्हाला सांगायची असते. तीच फर्म घेतली नाही तर घर मिळणार नाही, असे एजंटला म्हणता येत नाही. एजंटने सुचवलेली प्रत्येक फर्म वाईट असते असेही नाही. फक्त तिची निष्ठा कोणाकडे झुकू शकते हे माहीत असावे.

आकड्यांइतकेच महत्त्वाचे म्हणजे फाइल कोण पाहणार. मोठ्या ऑनलाइन फर्ममध्ये तुमचा फोन कॉल सेंटरला जातो, फाइल एका सहायकाकडे असते आणि सही दुसऱ्याची असते. ते काहींना चालते, विशेषतः घर फ्रीहोल्ड (जमिनीसह कायमच्या मालकीचे), पैसे इथलेच आणि मागेपुढे एकमेकांवर अवलंबून असलेल्या खरेदी-विक्रींची साखळी नसताना. ज्यांच्या व्यवहारात वर सांगितलेले गुंते आहेत त्यांनी मात्र ज्याच्याशी थेट बोलता येईल असा एक नामनिर्देशित माणूस असल्याशिवाय फर्म घेऊ नये. तो एक्स्चेंजच्या सुमारास सुट्टीवर असेल का आणि त्याच्या जागी कोण, हेही आधीच विचारावे. कोट मागताना तुम्हाला उलट प्रश्न विचारले जातात की नुसता आकडा मिळतो, यावरूनही बराच अंदाज येतो.

पैसे पाठवण्याबाबत एक सावधगिरी आहे. कंप्लीशनच्या सुमारास सॉलिसिटरच्या नावाने ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा ईमेल येतो, तो हुबेहूब असतो आणि तो भामट्याचा असतो. सुरुवातीच्या पत्रातील नंबरवर स्वतः फोन करून खाते क्रमांक आकडा-आकडा वाचून घेतल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

काम असमाधानकारक वाटले तर आधी फर्मकडे लेखी तक्रार करायची. आठ आठवड्यांत उत्तर मिळाले नाही किंवा पटले नाही, तर वकिलांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या लीगल ऑम्बड्समनकडे विनामूल्य जाता येते. मध्येच सॉलिसिटर बदलता येतो, पण तो निर्णय जड असतो. झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात, बँकेला नव्या फर्मचे नाव कळवून तीही पॅनेलवर आहे याची खात्री करावी लागते, पैशांच्या उगमाची तपासणी नव्याने होते, आणि बँकेला कंप्लीशनच्या वेळी सहा महिन्यांहून जुने सर्च चालत नाहीत. मॉर्गेज ऑफरही बहुधा तेवढ्याच मुदतीची असते. म्हणून बदलायचेच असेल तर पहिल्या महिन्यात बदलावे. एक्स्चेंजच्या उंबरठ्यावर आलेल्या व्यवहारात मात्र त्याच फर्ममधल्या वरिष्ठाकडे फाइल सोपवण्याचा आग्रह धरणे अधिक सोयीचे पडते.